ईआरपीनेक्स्टमध्ये एस्टिमेटचं बजेट केलं, तरी आकडे जुळत नाहीत: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

बांधकाम, फॅब्रिकेशन, इंटीरियर, सोलर अशी साइटवरची कामं करणाऱ्या फर्ममध्ये एस्टिमेट एक्सेलमध्ये तयार होतं आणि खर्चावर लगाम म्हणून तेच आकडे ईआरपीनेक्स्ट या हिशेब आणि खरेदीच्या सॉफ्टवेअरच्या बजेटमध्ये भरले जातात. पुढे दोन-तीन महिन्यांत तक्रारी सुरू होतात. खालचं सगळं आवृत्ती १४ आणि १५ समोर ठेवून लिहिलं आहे. त्यापुढच्या आवृत्तीत बजेटचा फॉर्म बदलला आहे, त्यामुळे बटणं वेगळ्या जागी सापडतील. कारणं मात्र तीच आहेत.

लक्षणं

यातलं तुमच्याकडे काय होतंय ते आधी ठरवा.

- प्रोजेक्टमध्ये एस्टिमेटेड कॉस्ट भरली आहे, पण कितीही रकमेची परचेस ऑर्डर बिनबोभाट सबमिट होते.
- बजेट सबमिट आहे, साइटवर काम जोरात आहे, आणि बजेट व खर्चातला फरक दाखवणाऱ्या बजेट व्हेरियन्स रिपोर्टमध्ये प्रत्यक्ष खर्च शून्य.
- रिपोर्टमध्ये भरपूर रक्कम शिल्लक दिसते, तरी नवी ऑर्डर ‘बजेट ओलांडेल’ म्हणून अडते.
- काम सुरू होऊन महिना झाला नाही तोच प्रत्येक बिलावर इशारा येतो.
- बिल आलं की बजेट पुन्हा मोकळं झाल्यासारखं दिसतं आणि स्टोअरमधून माल उचलला की एकदम खाली येतं.
- १ एप्रिलला सगळं नियंत्रण गायब.
- प्रोजेक्टच्या पानावरचा खर्च आणि बजेट रिपोर्टमधला खर्च यांत मोठी तफावत.

या सगळ्यांचं मूळ एकच. एस्टिमेट कामाच्या बाबींवर लिहिलेलं असतं: खोदकाम, पीसीसी, आरसीसी, वीटकाम, प्लास्टर. ईआरपीनेक्स्टच्या बजेटला या बाबी कळत नाहीत. ते तीनच गोष्टी बघतं: कोणतं खर्चाचं खातं, कोणता प्रोजेक्ट किंवा कॉस्ट सेंटर (शाखा किंवा विभागासारखा खर्चाचा गट), आणि कोणतं आर्थिक वर्ष. ऑर्डर किंवा बिलाच्या एका ओळीत या तिन्ही गोष्टी बजेटशी तंतोतंत जुळल्या तरच ती ओळ बजेटला दिसते. एक जरी चुकली तरी ती ओळ बजेटच्या हिशेबात नसते, आणि त्याबद्दल कुठलाही एरर येत नाही.

१. रिपोर्टचा फिल्टर आणि बजेटची स्थिती

फुकटची तपासणी, म्हणून पहिली. बजेट व्हेरियन्स रिपोर्ट उघडला की ‘बजेट अगेन्स्ट’मध्ये कॉस्ट सेंटर आधीच निवडलेलं असतं. बजेट प्रोजेक्टवर केलं असेल तर रिपोर्ट रिकामा येणारच. तिथे प्रोजेक्ट निवडा, वर्ष आणि कंपनी बरोबर आहे ना ते पाहा.

मग बजेटची यादी उघडा. बजेट ड्राफ्टमध्ये, म्हणजे सबमिट न करता ठेवलेलं, आहे का? ड्राफ्ट बजेट काहीही अडवत नाही. एक्सेलमधून इम्पोर्ट करताना ‘इम्पोर्टनंतर सबमिट’वर टिक राहिली नसेल तर सगळी बजेटं ड्राफ्टमध्येच पडून असतात.

प्रोजेक्टमधल्या एस्टिमेटेड कॉस्टचंही इथेच सांगून टाकतो. तो आकडा निव्वळ नोंदीसाठी आहे. त्यावरून कोणताही व्यवहार अडत नाही, इशाराही येत नाही. नियंत्रण हवं असेल तर बजेट वेगळं करावंच लागतं.

२. तपासणारा माणूस कोण आहे

मालक किंवा अकाउंट्स प्रमुख स्वतः चाचणी घेतात आणि म्हणतात, ‘स्टॉप लावलंय पण अडत नाही.’ कंपनीच्या सेटिंगमध्ये ‘एक्सेप्शन बजेट अप्रूव्हर रोल’ असा एक रकाना आहे. तिथला रोल ज्याच्याकडे असतो त्याला स्टॉपच्या जागी फक्त इशारा येतो आणि ऑर्डर पुढे जाते. चाचणी नेहमी पर्चेसवाल्याच्या लॉगिननेच घ्या. तिथेही अडलं नाही तर त्या युजरचे रोल बघा. घाईच्या दिवशी ‘तात्पुरता’ म्हणून दिलेला रोल कायमचा राहून जातो.

३. बजेटमधल्या टिका

बजेटच्या फॉर्मवर तीन वेगळ्या टिका आहेत: मटेरियल रिक्वेस्टवर (मालाच्या मागणीवर) लागू, परचेस ऑर्डरवर लागू, प्रत्यक्ष खर्चाच्या नोंदीवर लागू. तुम्ही काहीच निवडलं नाही तर फक्त तिसरी लागते. म्हणजे ऑर्डर जाते, माल येतो, उतरतो, वापरलाही जातो, आणि बिल टाकताना अकाउंटंटला कळतं की बजेट संपलंय. तेव्हा अडवून उपयोग काय? सप्लायरचे पैसे तर द्यायचेच आहेत.

परचेस ऑर्डरची टिक लावा आणि वार्षिक बजेट ओलांडल्यास ‘स्टॉप’ ठेवा. प्रत्यक्ष खर्चावर ‘वॉर्न’ पुरे. तिथे स्टॉप लावला की बिलं टेबलावर साचतात, आणि महिनाअखेरीला जीएसटीचा हिशेब लांबतो.

मटेरियल रिक्वेस्टवर भिस्त ठेवू नका. ती शिल्लक नग गुणिले दर अशी रक्कम धरते, आणि साइटवरून आलेल्या रिक्वेस्टमध्ये दर बहुतेक वेळा शून्य असतो. शून्य दराची रिक्वेस्ट कितीही मोठी असली तरी बजेटच्या लेखी ती शून्यच.

४. अडवणारा मेसेज नीट वाचा

मेसेजमध्ये खात्याचं नाव, कशाविरुद्धचं बजेट आहे ते, बजेटची रक्कम आणि किती ओलांडेल हे सगळं लिहिलेलं असतं. बरेच जण प्रोजेक्टच्या बजेटमध्ये डोकं खुपसून बसतात आणि मेसेजमध्ये नाव असतं कॉस्ट सेंटरचं. ‘पुणे शाखा’ अशा वरच्या गटावर कधीतरी बजेट लावलेलं असेल तर त्याखालच्या सगळ्या कॉस्ट सेंटरना ते लागू होतं. प्रोजेक्टचं बजेट आणि कॉस्ट सेंटरचं बजेट स्वतंत्रपणे तपासली जातात आणि त्यातलं एक जरी संपलं तरी ऑर्डर थांबते.

मेसेज मासिक बजेटचा आहे की वार्षिक, तेही बघा. मासिक असेल तर थेट सहाव्या तपासणीवर जा.

५. शिल्लक दिसते, तरी अडतं: उघड्या ऑर्डरी

व्हेरियन्स रिपोर्ट फक्त खात्यात पडलेला खर्च दाखवतो. ऑर्डर अडवताना मात्र सिस्टम त्यात बिल न झालेल्या ऑर्डरींची रक्कमही मिळवते. त्यामुळे रिपोर्ट दोन लाख शिल्लक दाखवतो आणि पन्नास हजारांची ऑर्डर अडते. यात बिघाड काही नाही, कुठेतरी जुन्या ऑर्डरी उघड्या पडल्या आहेत.

त्या प्रोजेक्टच्या ऑर्डरींची यादी काढा आणि पूर्ण बिल न झालेल्या वेगळ्या करा. सप्लायरने शंभरऐवजी ऐंशीच नग दिले, बाकीचे दुसरीकडून घेतले, मूळ ऑर्डर तशीच राहिली, असा प्रकार प्रत्येक साइटवर सापडतो. अशा ऑर्डरींवर स्टेटसमधून ‘क्लोज’ करा, तेवढी रक्कम लगेच मोकळी होते. कॅन्सल करायची गरज नाही. माल आणि बिलं जोडलेली असतील तर कॅन्सल होणारही नाही.

६. महिन्यांची वाटणी

बजेटला मंथली डिस्ट्रिब्यूशन (महिनावार टक्क्यांचा तक्ता) जोडलं नाही तर सिस्टम वर्षाची रक्कम बारा महिन्यांत सारखी वाटते. चार महिन्यांचं, बारा लाखांचं काम एप्रिलमध्ये सुरू झालं, तर एप्रिलअखेर फक्त १ लाखाची मुभा मिळते. पाया आणि सळईचा खर्च पहिल्याच महिन्यात होतो, म्हणून इशाऱ्यांचा पाऊस पडतो. उलट, तेच काम डिसेंबरमध्ये सुरू झालं तर पहिल्याच दिवशी बारापैकी नऊ महिने गेलेले धरून ९ लाख मोकळे. तिथे इशारा यायला हवा तेव्हाही येत नाही.

दोन उपाय आहेत. प्रोजेक्टच्या वेळापत्रकाप्रमाणे मंथली डिस्ट्रिब्यूशन करा, टक्क्यांची बेरीज १०० भरलीच पाहिजे. नाहीतर मासिक तपासणीला सरळ ‘इग्नोर’ करा. सहा महिन्यांच्या आतल्या कामाला मी दुसराच उपाय सुचवेन. मुकादमाची तारीख आणि कॅलेंडरचा महिना जुळत नसतात, आणि रोज येणारा खोटा इशारा पाहून लोक खऱ्या इशाऱ्यावरही डोळे झाकून ‘ओके’ दाबायला लागतात.

७. मूळ एक्सेल शीट

इथून पुढे अर्धा-एक दिवस लागेल, पण निम्मे बिघाड इथेच सापडतात.

आधी बेरीज. रकमेच्या रकान्यात मजकूर म्हणून बसलेले आकडे बेरजेत येत नाहीत. ‘४५,०००/-’ असं लिहिलेलं असलं की एक्सेल त्याला आकडा मानत नाही आणि सम फंक्शन त्याला गुपचूप वगळतं. काउंट आणि काउंट-ए या दोन फंक्शनची उत्तरं एकाच रकान्यावर काढून बघा. फरक आला तर तितके सेल मजकुराचे आहेत. दुसरा प्रकार दुहेरी बेरजेचा: प्रत्येक मजल्याच्या खाली उपबेरीज आहे आणि शेवटच्या सममध्ये त्या उपबेरजाही धरल्या गेल्या आहेत. उपबेरजा सबटोटल फंक्शनने काढल्या आणि शेवटची बेरीजही त्यानेच केली तर हा प्रश्न येत नाही.

मग नफा. ग्राहकाला दिलेल्या कोटेशनचे दर बजेटमध्ये भरले की बजेट कधीच संपत नाही, कारण त्यात तुमचा नफा आणि ऑफिसचा वाटा बसलेला असतो. बजेटमध्ये फक्त साइटचा खर्च हवा. सरकारी कामात दरसूचीच्या दरांवरून बजेट करणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं. त्या दरात कंत्राटदाराचा नफा आधीच धरलेला असतो.

एक उदाहरण घेऊ. ४० घनमीटर एम २० काँक्रीट, १:१.५:३ प्रमाण. ग्राहकाला दर ७,००० रुपये घनमीटर, म्हणजे एस्टिमेटमध्ये २,८०,००० ची एक ओळ. या एका ओळीचं कोणतंही खातं नाही. ती फोडावी लागते. घनमीटरला साधारण ८.०६ बॅगा सिमेंट, ०.४२ घनमीटर वाळू आणि ०.८४ घनमीटर खडी धरली, तर:

- सिमेंट ३२३ बॅगा, समजा ३०० रुपये दराने ९६,९००
- वाळू १६.८ घनमीटर म्हणजे जवळपास ६ ब्रास, समजा ६,००० ने ३६,०००
- खडी ३३.६ घनमीटर म्हणजे जवळपास १२ ब्रास, समजा ३,५०० ने ४२,०००
- मजुरी समजा १,१०० रुपये घनमीटर, ४४,०००
- मिक्सर, व्हायब्रेटर, डिझेल मिळून समजा १२,०००

एकूण २,३०,९००. वरचे ४९,१०० बजेटमध्ये येता कामा नयेत. ते आले तर सिमेंटवर ४९ हजार जास्त गेले तरी सिस्टम हूं की चूं करणार नाही. सळई आणि सेंट्रिंग यात धरलेलं नाही, बीओक्यूत (कामाच्या बाबी आणि नगांच्या यादीत) त्यांच्या ओळी वेगळ्या असतात.

ब्रासकडे लक्ष द्या. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. एस्टिमेट घनमीटरमध्ये आणि खरेदी ब्रासमध्ये असेल, आणि कोणीतरी दर ब्रासचा पण नग घनमीटरचे असा गुणाकार केला असेल, तर बजेट जवळपास तिप्पट फुगतं. सळईत हाच घोळ किलो आणि टनाचा होतो, पण तो हजारपटीचा असल्याने लगेच दिसतो. ब्रासचा घोळ लपून राहतो.

फोड झाली की शीटमध्ये दोन रकाने वाढवा: ‘खातं’ आणि ‘वर्ष’. प्रत्येक ओळीत दोन्ही भरा, मग खातं उभं आणि वर्ष आडवं असं पिव्हट टेबल काढा. त्यातला प्रत्येक सेल म्हणजे बजेटची एक ओळ. पिव्हटची बेरीज आणि शीटची बेरीज रुपयाला रुपया जुळेपर्यंत ईआरपीनेक्स्ट उघडू नका.

अनपेक्षित खर्चाची तरतूद पाच टक्के म्हणून प्रत्येक खात्यावर पसरवू नका. पसरवली की ती खर्चच होते. ती बजेटबाहेर ठेवा आणि लागेल तेव्हा सुधारित बजेटमधून मोकळी करा.

८. जीएसटी धरायचा की नाही

इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत असेल तर बिलातला जीएसटी क्रेडिटच्या खात्यात जातो, खर्चात जात नाही. त्यामुळे बजेट कर वगळून धरलेल्या दराने हवं. वर्क्स कॉन्ट्रॅक्ट करणारे बहुतेक कंत्राटदार यात येतात. निवासी सदनिका १ किंवा ५ टक्के जीएसटीने विकणाऱ्या बिल्डरला १ एप्रिल २०१९ पासूनच्या योजनेत क्रेडिट मिळत नाही. त्याला जीएसटी हा खर्चच, बजेटमध्ये तो धरावाच लागतो.

वरच्याच ३२३ बॅगा घ्या. कर वगळून ९६,९००, १८ टक्क्यांनी १,१४,३४२, आणि २८ टक्क्यांनी १,२४,०३२. सिमेंटवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. त्याआधीचं एस्टिमेट करासकट उचललं असेल तर सिमेंटच्या खात्यात तेवढी हवा भरलेली आहे.

बिल्डरसाठी आणखी एक अडचण. ऑर्डरवर बजेट तपासताना सिस्टम आयटमची करापूर्वीची रक्कम धरते, बिल झाल्यावर मात्र क्रेडिट न मिळणारा कर खर्चात मिळतो. म्हणून ऑर्डर पास होते आणि बिल ओलांडतं. ऑर्डर देताना कराइतकी जागा शिल्लक आहे ना, हे माणसानेच बघायचं.

९. आयटमचं खर्चाचं खातं

‘प्रत्यक्ष खर्च शून्य’ या तक्रारीचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. बजेट ‘सिमेंट खर्च’, ‘सळई खर्च’ अशा खात्यांवर केलं, पण आयटममध्ये खर्चाचं खातं भरलंच नाही. मग सिस्टम आयटम ग्रुपकडे बघते, तिथेही नसलं तर कंपनीच्या डिफॉल्ट खात्यात, बहुतेक वेळा ‘कॉस्ट ऑफ गुड्स सोल्ड’मध्ये, सगळं ढकलते.

तपासायला सोपं आहे. जनरल लेजर उघडा, प्रोजेक्टचा फिल्टर लावा, खात्यानुसार गट करा. कॉस्ट ऑफ गुड्स सोल्डमध्ये मोठा आकडा दिसला की उत्तर मिळालं. दुरुस्ती आयटमला एकेक करून नको. आयटम ग्रुपच्या डिफॉल्टमध्ये खातं भरा म्हणजे त्यातल्या सगळ्या आयटमना मिळतं, अपवादच फक्त आयटमवर भरा. ही दुरुस्ती पुढच्या नोंदींना लागू होते, जुन्या जिथे पडल्या तिथेच राहतात.

बजेट फक्त नफा-तोट्यातल्या, आणि तेही सर्वांत खालच्या खात्यावर करता येतं. ‘डायरेक्ट एक्स्पेन्सेस’ असा गट निवडला तर सिस्टम नाकारते. नाकारलं की लोक ‘संकीर्ण खर्च’ नावाचं एक खातं काढून सगळं एस्टिमेट त्यावर ठेवतात. तसं करू नका. दहा-बारा खाती पुरतात: सिमेंट, सळई, वाळू-खडी, वीट किंवा ब्लॉक, सेंट्रिंग, मजुरी, उपकंत्राट, मशीन भाडं, डिझेल, वाहतूक, प्लंबिंग, वायरिंग. चाळीस खाती केलीत तर पर्चेसवाला दर वेळी चुकीचंच निवडेल.

१०. ओळीतला प्रोजेक्ट

ऑर्डरच्या वरच्या भागात प्रोजेक्ट भरलेला असतो, पण ऑर्डर तपासताना बजेट आयटमच्या ओळीतला प्रोजेक्ट बघतं. ओळ उघडून ‘अकाउंटिंग डायमेन्शन्स’मध्ये तो दिसतो का ते पाहा. परचेस इन्व्हॉइसची यादी काढून ओळीतला प्रोजेक्ट रिकामा असलेल्या नोंदी गाळून घ्या. त्यांची बेरीज आणि तुमची तफावत जुळली तर पुढे शोधायची गरज नाही.

चुकलेली नोंद दुरुस्त करायची झाल्यास जर्नल एंट्री बरी: एका ओळीत तेच खातं प्रोजेक्टशिवाय जमा, दुसऱ्या ओळीत तेच खातं योग्य प्रोजेक्टसह नावे. बजेट रिपोर्ट लगेच सुधारतो. प्रोजेक्टच्या पानावरचा ‘परचेस इन्व्हॉइसमार्फत एकूण खरेदी’ हा आकडा मात्र जर्नल एंट्रीने हलत नाही, तो बिलांवरूनच निघतो. त्या दोन आकड्यांत तेवढा फरक कायम राहील, हे अकाउंटंटला आधीच सांगून ठेवा.

याच जातीचा दुसरा फरक टाइमशीटचा. इंजिनिअर, सुपरवायझर यांचे तास टाइमशीटमध्ये भरले की प्रोजेक्टच्या पानावर त्यांची कॉस्ट दिसते, पण त्यातून खात्यात काहीच नोंद होत नाही. बजेटला हा खर्च दिसायचा तर पगाराच्या नोंदीत प्रोजेक्ट हवा.

११. वर्ष बदललं

बजेट एका आर्थिक वर्षापुरतं असतं आणि उरलेली रक्कम आपोआप पुढे जात नाही. सप्टेंबर ते जून चालणाऱ्या कामाला सुरुवातीलाच दोन बजेटं लागतात, एक ३१ मार्चपर्यंतचं आणि एक पुढच्या वर्षाचं. दुसरं केलं नसेल तर १ एप्रिलपासून त्या प्रोजेक्टला बजेटच नाही, म्हणून काही अडत नाही.

मार्चअखेर रेंगाळलेल्या ऑर्डरींचं काय होतं ते बघा. २५ मार्चची ऑर्डर जुन्या वर्षाच्या बजेटमध्ये मोजली जाते आणि तिचं एप्रिलमधलं बिल नव्या वर्षाच्या बजेटमध्ये. नव्या वर्षाचा आकडा ठरवताना एस्टिमेटमधून गेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च वजा करा, उघड्या ऑर्डरी वजा करू नका. त्यांचं बिल नव्या वर्षातच येणार आहे.

सुधारित एस्टिमेट आलं तर सबमिट झालेलं बजेट थेट बदलता येत नाही. कॅन्सल करून अमेंड करावं लागतं, आणि अमेंड केलेलं सबमिट होईपर्यंत नियंत्रण बंद असतं. हे काम संध्याकाळी, पर्चेस विभाग बंद झाल्यावर करा. त्याच प्रोजेक्ट, खातं आणि वर्षासाठी दुसरं बजेट करायला गेलात तर सिस्टम ‘आधीच आहे’ म्हणून नाकारते. वाढीव रकमेचं वेगळं बजेट हा मार्ग उपलब्ध नाही.

१२. स्टॉकमधला माल

हा भाग समजायला सगळ्यात अवघड. पर्पेच्युअल इन्व्हेंटरी, म्हणजे प्रत्येक स्टॉक व्यवहाराची खात्यात लगेच नोंद होण्याची सोय, चालू असेल तर स्टॉक आयटमची खरेदी खर्चात पडत नाही, साठ्याच्या खात्यात पडते. खर्च होतो तो मटेरियल इश्यू, म्हणजे स्टोअरमधून साइटला माल दिल्याची नोंद, केल्यावर. आता सिमेंटचं बजेट ९६,९०० घ्या.

२०० बॅगांची ऑर्डर दिली: ६०,००० अडकले, ३६,९०० मोकळे. बिल आलं: ऑर्डर पूर्ण बिल झाली म्हणून ती मोजणीतून गेली, पण रक्कम खर्चात आली नाही. बजेट पुन्हा ९६,९०० मोकळं. दोन आठवड्यांनी साइटला १५० बॅगा इश्यू केल्या: ४५,००० खर्च, ५१,९०० मोकळे. बिल आणि इश्यूच्या मधल्या दिवसांत पर्चेसवाला आणखी ३०० बॅगा मागवू शकतो आणि सिस्टम त्याला अडवणार नाही.

यावर दोन मार्ग आहेत. वाळू, खडी, वीट असा थेट साइटवर उतरणारा आणि लगेच वापरला जाणारा माल नॉन-स्टॉक आयटम करा, म्हणजे बिल होताच खर्च पडेल. ज्या आयटमवर व्यवहार झाले आहेत त्याची ही टिक बदलता येत नाही, नवा आयटम काढावा लागतो. सिमेंट आणि सळई मात्र स्टॉकमध्येच ठेवा, तिथे चोरी-नासाडीचा हिशेब महत्त्वाचा. पण इश्यू रोजच्या रोज झाला पाहिजे, महिनाअखेरीला एकदम नव्हे.

इश्यूची स्टॉक एंट्री करताना ओळीतलं ‘डिफरन्स अकाउंट’ बघा. आयटमला किंवा ग्रुपला खर्चाचं खातं नसेल तर तिथे ‘स्टॉक अ‍ॅडजस्टमेंट’ येतं आणि माल वापरूनही सिमेंटचं बजेट जागचं हलत नाही. प्रोजेक्टही याच ओळीत हवा.

इथे थांबा

पुढचं काही करायची वेळ आली तर स्वतः हात घालू नका.

बिल ज्या महिन्याचं आहे त्याचं जीएसटी विवरण भरून झालं असेल आणि दुरुस्तीसाठी ते बिल कॅन्सल करावं लागणार असेल, तर आधी सीएला विचारा. खातं बदलायला जर्नल एंट्री पुरते, कॅन्सल केलेल्या बिलाचं क्रेडिट निस्तरायला मात्र वेळ जातो. वर्षाचं ऑडिट झालं असेल किंवा पीरियड क्लोजिंग व्हाउचर (वर्षाची खाती बंद करणारी नोंद) पडलं असेल तर त्या वर्षात काहीही हलवायचं नाही. पर्पेच्युअल इन्व्हेंटरी चालू-बंद करणं, खाती एकत्र करणं, मागच्या तारखेच्या स्टॉक एंट्री कॅन्सल करून साठ्याचं मूल्यांकन पुन्हा चालवणं ही ईआरपीनेक्स्ट राबवणाऱ्या जाणकाराची कामं आहेत, आणि तीही आधी ईआरपीनेक्स्टच्या डेटाच्या कॉपीवर करून बघायची.

डेटाबेसमध्ये थेट क्वेरी मारून प्रोजेक्ट भरून देतो म्हणणारा कोणी भेटला तर नको म्हणा. कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून बंद न करता येणारा ऑडिट ट्रेल (कोणी, कधी, काय बदललं याची नोंद) ठेवणारंच अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरावं लागतं, आणि असा बदल त्या ट्रेलमध्ये उमटत नाही.

वरच्या बारा तपासण्या करूनही तफावत राहिली, तर कुठेतरी कस्टम स्क्रिप्ट किंवा जुना कस्टम अ‍ॅप मध्ये येत असण्याची शक्यता धरा. जाणकाराला बोलावण्याआधी चार गोष्टी काढून ठेवा, म्हणजे त्याचे तास वाचतील आणि तुमचे पैसे: खातं आणि वर्षवार पिव्हट असलेली एस्टिमेट शीट, सबमिट बजेटची प्रिंट, प्रोजेक्ट फिल्टर लावलेलं जनरल लेजर, आणि एका अशा ऑर्डरचा नंबर जी अडायला हवी होती पण अडली नाही. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण तिच्या एका ओळीतलं खातं, प्रोजेक्ट आणि तारीख बजेटशेजारी ठेवूनच तो सुरुवात करेल.